पंचेचाळीस फेऱ्यांचं गाणं

प्रोजेक्टरची पेटी कंडक्टरच्या हातून खाली गेली आणि भागिरथी एस.टी.च्या पायरीवरून उतरतच होती, तेवढ्यात स्टँडसमोरच्या कर्ण्यातून गाणं सुरू झालं. तिचा पाय पायरीवरच थांबला.

“उतरा ना ताई. गाडी मेडशीले जायाची हाय,” कंडक्टर म्हणाला.

ती उतरली, पण पेटी उचलायचं विसरून कर्ण्याकडे पाहत उभी राहिली. शब्द ओळखीचे होते.

गाडी निंगाली रे निंगाली, मी फाट्यावर राह्यलो,
तिनं पाह्यलं खिडकीतून, मी तिकीट घ्याचं भुललो...

शब्द तिच्या धाकट्या भावाचे, देवेंद्रकुमारचे. चालही त्याचीच. पण गाणारा मात्र पन्नाशीतला, पोटभर जेवलेला, कशाचीच घाई नसलेला कुणी गृहस्थ वाटत होता. गिटार विहिरीच्या तळाशी बसून वाजवल्यासारखी येत होती आणि ड्रमचा प्रत्येक ठोका पडण्याआधी जरा विचार करत होता.

भागिरथी अकोल्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होती. काय झालंय हे तिला दुसऱ्या ओळीलाच कळलं. पेटी उचलून ती सरळ दौलतसिंगच्या दुकानात शिरली. लग्नाला, सभेला, यात्रेला लाउडस्पीकर लावणारा शिरपुरातला हा एकटाच माणूस. त्याच्या प्लेअरवर ती लहान काळी तबकडी रमतगमत फिरत होती.

“दौलतसिंगभाऊ, हे हळू फिरून राह्यलं.”

“या ताई. हळूच फिरते ते.”

“लहान तबकडी हाय ही. मिनिटाले पंचेचाळीस फेरे पाह्यजेत. तुमचा खटका तेहतीसवर हाय.”

“मले मालूम नाही काय? लहानी पंचेचाळीसवर, मोठी तेहतीसवर. धंदा हाय माहा.” दौलतसिंगने तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. “झालं काय, पह्यल्या दिवशी सकाळची स्तवनं लावली होती, मोठी तबकडी. ती काढून ही ठेवली, आन खटका फिरवाचा राह्यला. गाणं संपलं त चहावाला पयत आला. म्हणे, पुन्हा लाव. मंग पानवाला. आता हे गाणं कोनी आधी ऐकलंच नव्हतं, त हळू हाय का जोरात हाय, कोनाले समजन?”

“मंग तुमाले समजल्यावर?”

“दुसऱ्या दिवशी लावलं ना बराबर पंचेचाळीसवर. दोन ओळी नाही झाल्या, लोकं भांडाले आले. म्हणे, त्या भल्या माणसाचं गाणं काढून हे कोन्या पोट्ट्याचं काहून लावलं?” तो खदखदून हसला. “आता सांगा, मी गाणं वाजवू का गिऱ्हाइकासंग भांडू?”

भागिरथी स्टुलावर बसली. हसावं की डोक्याला हात लावावा, तिला ठरवता येईना.

देवेंद्रकुमार, मेडशीचा जगदेव आणि तांड्यावरचा हेमसिंग. अकोल्याला कॉलेजात असताना या तिघांनी ‘ब्लॅक सॉइल’ नावाचा बँड काढला होता. केस वाढवले, गिटारी मिळवल्या आणि वऱ्हाडी बोलीतली गाणी अशा थाटात म्हणू लागले की, ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलावेत. दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या एका कंपनीने त्यांची लहान तबकडी काढली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, अशी दोन गाणी. त्यातल्या ‘गाडी निंगाली’ची भागिरथीने फिल्म केली होती. अकोल्याच्या एका फोटोवाल्याचा छोटा कॅमेरा भाड्याने घेऊन, शिरपूरच्या फाट्यावर, कपाशीच्या धुऱ्यावर, एस.टी.च्या मागे धावत तिने ती स्वतः घेतली. फिल्म मुकी होती. पडद्यावर ती आणि प्लेअरवर तबकडी अशी एकाच क्षणी सुरू करायची की, ओठ आणि शब्द जुळून यावेत. अकोल्याच्या खोलीत, भिंतीवर, ते अगदी बिनचूक जुळलं होतं. उद्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीनंतर, शिरपूरच्या पटांगणात पहिल्यांदा ती गावाला दिसणार होती. गाणं आधी लोकांच्या कानावर पडावं म्हणून तबकडी पुढे पाठवली होती. ते पडलं होतं खरं.

तिला गावाची तेवढी काळजी नव्हती. काळजी एकाच माणसाची होती.

तिचे वडील पन्नालाल भांड्यांच्या दुकानात पितळी गंजांची उतरंड लावत होते. देवेंद्रकुमार दुकान सोडून मुंबईला गेला, तेव्हापासून ते त्याच्याशी बोललेले नव्हते. भांडणही नव्हतं. तो घरी आला की ते ताटावरून उठत नसत, त्याला जाही म्हणत नसत. फक्त त्याला सांगायचं ते त्याच्या आईला, प्रेमाबाईंना सांगत. ‘त्याले म्हणा, पांघरून घेऊन जाजो.’ प्रेमाबाईंनी ते तसंच पुढे सांगायचं, आणि तो तिथेच समोर बसलेला असायचा.

“बाबूजी, स्टँडवर गाणं ऐकलं मी,” भागिरथी म्हणाली.

“हं.”

“तुमी ऐकता?”

“कर्णा हाय. ऐकूच येते.” त्यांनी एक गंज हातात फिरवून पाहिला. “चांगलं हाय गाणं.”

“देवेंद्रचं हाय.”

पन्नालालांनी गंज उतरंडीवर ठेवला, तो नीट बसला की नाही ते बोटाने ढकलून पाहिलं आणि म्हणाले, “तसं सांगतात.”

एवढंच. पण चांगलं हाय म्हणाले होते. हे शब्द भागिरथीने जपून घरात नेले.

घरात शेजारच्या सूरजबाई प्रेमाबाईंसोबत तूर निवडत बसल्या होत्या आणि तीच चाल गुणगुणत होत्या, तिला आणखी हळू करून.

“काय आवाज लागला वं तुह्या भावाचा, भागू,” सूरजबाई म्हणाल्या. “गाडी निंगाली, मी राह्यलो. असं काळजात उतरते.”

“आन खिडकीतून पाह्यलं, ते?”

“ते काही समजत नाही बाप्पा. आवाज जाड हाय.”

प्रेमाबाई हसल्या. “मुंबईचं पानी मानवलं त्याले. इथं असताना कसा चिरकत होता. उद्या तुहे बाबूजी पन येतो म्हणले पटांगनात. आपल्या तोंडानं म्हणले. मी इचारलं बी नव्हतं.”

भागिरथी सुपातले खडे वेचू लागली. गाणं दुरुस्त करावं, तर बाबूजी ज्याच्यामुळे पटांगणात यायला तयार झाले तोच आवाज जाणार. तसंच ठेवावं, तर देवेंद्रने जे केलं ते गावाने, आणि त्यांनी, ऐकलंच नाही असं होणार. आणि हळू गाण्यावर फिल्म धावली असती कशी? पोरं पडद्यावर उड्या मारून झाली असती तरी गाणं चालूच राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने बँड आला. टपावरून ड्रम उतरवताना जगदेव क्लीनरवर ओरडत होता, हेमसिंग खाली हात पसरून उभा होता, आणि देवेंद्रकुमार गिटार पाठीला लावून कर्ण्याखाली पुतळा झाला होता.

“ताई, हा कोन मेला?”

“तूच.”

“मी?” त्याने आणखी चार ओळी ऐकल्या. त्याचा चेहरा पडत गेला. “दौलतसिंग! बंद कर बे ते!”

“काहून बंद करतं?” जगदेव टपावरूनच म्हणाला. “ऐक ना लेका. माहे ड्रम पाय कसे वाजून राह्यले. यात्रेतला नगारा वाटते.”

“तुह्ये ड्रम चांगले वाजून राह्यले,” हेमसिंग म्हणाला, “पन माही दुसऱ्या कडव्यातली चूक तिथं कोनाले सापडत नव्हती. आता पाय, घंटाभर उभी राह्यते समोर.”

“हसू नोका बे,” देवेंद्रकुमार म्हणाला. “सहा महिने घासलं आपण. याच्यासाठी?”

घराशी प्रेमाबाईंनी तिघांना ओवाळलं. मग जगदेवच्या खांद्यावरच्या ड्रमवर बोट ठेवून विचारलं, “याले कातडं हाय ना?”

“हाय, काकू.”

“मंग ते बाहीर. तू आत ये.”

ड्रम ओट्यावर राहिले. जैनांचं घर, जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकायची, म्हणून सगळे लगेच पानावर बसले. पन्नालालही बसले. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्याले भाकर वाढा.”

देवेंद्रकुमारने भाकर घेतली. हात धुताना तो भागिरथीला हळूच म्हणाला, “बाबूजी येऊन राह्यले म्हणते आई.”

“हो. त्यायले गाणं आवडलं.”

“कोनतं? ते?” त्याने स्टँडच्या दिशेने मान उडवली. मग बराच वेळ टॉवेलने हात पुसत राहिला. “ताई, तू बराबर लाव. पंचेचाळीसवर. आवडलं त माहं आवडू दे. नाही त नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

अंधार पडता पडता पटांगण भरलं. जैन आळी जेवूनखाऊन निवांत आली होती. बाजाराला आलेले शेतकरी बैलगाड्या सोडून, घोंगड्या पांघरून बसले होते. दोन बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं धोतर म्हणजे पडदा. पुढे लाकडी खुर्चीवर पन्नालाल, टोपी सरळ करून. देवेंद्रकुमार, जगदेव आणि हेमसिंग पडद्यामागे वायरींच्या वेटोळ्यांवर बसले, लोकांची तोंडं दिसू नयेत म्हणून.

भागिरथीने प्रोजेक्टरचा खटका चोवीसवर ठेवला. सेकंदाला चोवीस चित्रं. घेतानाही तिने तेवढीच घेतली होती. तिने हात वर केला. पडद्यावर जगदेवच्या काड्या वर गेल्या, तिचा हात खाली आला आणि दौलतसिंगने सुई टेकवली.

जुळलं. अगदी ओठाला शब्द जुळला. काळ्या शेतातून देवेंद्रकुमार धावत आला, धुऱ्यावरून उडी मारली, गिटारीवर हात फिरवला, आणि त्याचा तो उंच, कोवळा, टोकदार आवाज पटांगणावरून उडत गेला. एस.टी. आली, खिडकीतली वेणी दिसली, धूळ उडाली. भागिरथीला वाटलं, यापेक्षा नेटकं काम आपल्या हातून झालेलं नाही.

मग मागून आवाज आला.

“दौलतसिंग, हे कोनतं लावलं गा?”

“हे कोनाचं पोट्टं चिरकून राह्यलं?”

“आपलं लाव ना, आपलं! गाडी निंगालीवालं!”

“तेच हाय ते!” दौलतसिंग ओरडला.

“तेच कसं असन? तो मानूस कुठी गेला?”

हशा पिकला. त्या गोंधळात, पडद्याच्या उजेडात, भागिरथीला पुढची पांढरी टोपी वर उठलेली दिसली. पन्नालाल खुर्चीतून उभे राहिले, लोकांच्या पायांतून वाट काढत कडेला गेले आणि अंधारात दिसेनासे झाले. गाण्याचं दुसरं कडवं नुकतंच लागलं होतं.

फिल्म संपली. पडदा नुसता पांढरा झाला. पडद्यामागून देवेंद्रकुमार तिच्याजवळ आला. पुढची रिकामी खुर्ची पाहून तो हसायचा प्रयत्न करत होता.

“गेले?”

“कडेला गेले. मले दिसलं नाही पुढं.”

“लाव मंग.”

“काय?”

“लोकायचं लाव. इतके लोक आले, थंडीत बसले. हळू लाव. फिल्म राहू दे, नुसतं गाणं लाव.”

तो परत गेला. त्याची पाठ पाहताना भागिरथीचा हात प्रोजेक्टरच्या खटक्यावर होता. खटक्याला दोन खुणा होत्या, चोवीस आणि अठरा. चोवीसचा पाऊण अठरा. आणि पंचेचाळीसचा पाऊण? तेहतीसच्या अगदी शेजारी. जरासा फरक, तोही शेवटी शेवटी जाणवेल असा. आणि शेवटी तर नुसती धूळ उडवत जाणारी एस.टी. होती, तिचे कुठे ओठ हलायचे होते! कॉलेजात तिने हे गणित मुलांना किती वेळा घातलं असेल, आणि दोन दिवस घरात डोकं धरून बसली होती.

“दौलतसिंगभाऊ, तुमचा खटका तेहतीसवर. माहा अठरावर.”

“जमन?”

“हात पाहा माहा.”

हात खाली आला. जगदेवच्या काड्या वरून अशा उतरल्या की, त्या पोचेपर्यंत पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी श्वास धरला. आणि नगारा घुमला. पटांगणातून एकदम ‘आऽऽ’ झालं. तो जाड, शांत गृहस्थ गाऊ लागला आणि पडद्यावर देवेंद्रकुमारचे ओठ त्याच संथपणे उघडले, मिटले. धुऱ्यावरून त्याने उडी मारली तेव्हा तो हवेतच राहिला, कापसाची म्हातारी राहते तसा. सदऱ्याचं टोक वर, केस वर, खाली काळी जमीन. हेमसिंग पाण्यात चालल्यासारखा चालला. खिडकीतली वेणी इतक्या सावकाश वळली की, मागच्या बाजूला कुणीतरी नकळत “हाय हाय” म्हणालं आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. हेमसिंगची चूक आली तेव्हा सगळं पटांगण त्या सुरासोबत गुणगुणलं. त्यांना ती पाठ होती.

मग टाळ्या. मग पुन्हा. पोटभर झाल्यावर लोक उठले, बैल जुंपले गेले, बायका पोरं गोळा करू लागल्या. सूरजबाईंनी देवेंद्रकुमारच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि विचारलं, “एवढा जाड आवाज काढून घसा दुखत नाही काय रे?” जगदेव आनंदाने बेशुद्ध पडायच्या बेतात होता. लोक त्याला विचारत होते की, एवढी लांब उडी मारताना सोबत्याला वरून कशाने धरलं होतं.

पटांगण रिकामं झालं. देवेंद्रकुमार पडद्याची दोरी सोडत होता. भागिरथी फिल्म गुंडाळत होती, तेव्हा कर्ण्याच्या बांबूखालची सावली हलली आणि उजेडात आली. पन्नालालांच्या खांद्यावर दव पडून उपरणं ओलसर झालं होतं. ते इतका वेळ तिथे, कर्ण्याच्या बरोबर तोंडाशी, उभे होते.

“बाबूजी? तुमी घरी नाही गेले?”

“दौलतसिंग,” पन्नालाल म्हणाले, “ते पह्यलं लाव.”

“कोनतं, शेठजी?”

“पह्यल्यांदा लावलं होतं ते. लोकायनं ऐकू नाही देलं.”

दौलतसिंगने भागिरथीकडे पाहिलं. पन्नालाल एका उलट्या खोक्यावर बसले आणि तिच्याकडे न पाहता बोलू लागले, दुकानात भाव सांगत असल्यासारखे.

“महिन्यापासून ऐकून राह्यलो ते गाणं. चांगलं हाय, पन त्यात आपल्या पोराचा आवाज नाही. लहानपनापासून ऐकला मी, मले समजत नाही? म्हणलं, कंपनीनं दुसऱ्याच कोनाले गाऊ देलं आन याचं नुसतं नाव टाकलं. भोळा हाय तो. फसवला असन. गाव वाहवा करते, त्यायले काय सांगू? याले काय सांगू?” त्यांनी उपरण्याने टोपीवरचं दव पुसलं. “आज पह्यलं लावलं, त तो गायला. पुढं बसून नीट ऐकू नव्हतं येत, लोकं वरडत होते. म्हणून कर्ण्यापाशी गेलो. मंग खटका फिरवला, त तोच आवाज जाड झाला, तवा समजलं.”

पडद्याच्या दोरीशी चाललेली खुडबुड थांबली होती.

दौलतसिंगने खटका पंचेचाळीसवर केला. रिकाम्या पटांगणात गाणं सुटलं, उड्या मारत, धापा टाकत, एस.टी.च्या मागे. पन्नालालांनी मान खाली घातली होती. एक पाय हलत होता; बहुधा त्यांना माहीत नव्हतं. देवेंद्रकुमार हातात धोतराचं टोक घेऊन तसाच उभा होता. गाणं संपलं, सुई खरखरत राहिली, तरी दौलतसिंगने ती उचलली नाही.

“मांगच्या बाजूले काय हाय?” पन्नालालांनी विचारलं.

त्यांनी भागिरथीला विचारलंच नव्हतं. ते पडद्याकडे, देवेंद्रकडे पाहत होते.

“मांगं...” देवेंद्रकुमार धोतराचं टोक सोडून पुढे आला. “मांगं हळू गाणं हाय, बाबूजी.”

“खरंच हळू, का दौलतसिंगचं हळू?”

“खरंच हळू.”

“मंग लाव,” पन्नालाल म्हणाले, आणि खोक्यावर जरा सरकून बसले.